कूलंट कमी होतं, ते जातं कुठे?

(रेडिओवरील भाषण)



मे महिन्यात सलग सुट्ट्या आल्या की खंबाटकी घाटात वाहनांची रांग लागते, आणि त्या रांगेच्या कडेला बॉनेट उघडून उभ्या राहिलेल्या मोटारी दिसतात. पसरणीच्या घाटात, यवतेश्वरच्या चढावर, कुंभार्लीतही तेच. वाफ निघत असते, कोणीतरी पाण्याची बाटली घेऊन थांबलेला असतो, थोड्या वेळाने पाणी भरलं जातं आणि गाडी पुढे निघते. प्रश्न मिटला असं सगळेच धरून चालतात. माझं म्हणणं असं की खरी चौकशी तिथून पुढे सुरू व्हायला हवी. आजच्या मोटारीत इंजिन गार ठेवणारं कूलंट बंदिस्त नळ्यांमधून फिरतं. पेट्रोल जळतं, इंजिन ऑइलही थोडंफार जळतं. कूलंट मात्र काम करून संपत नाही. तेवढंच कूलंट इंजिन आणि रेडिएटर यांच्यामध्ये पुन्हा पुन्हा फिरत राहतं. ते कमी झालं, तर कुठून तरी बाहेर गेलं, एवढाच त्याचा अर्थ. ती जागा सापडण्याआधी वरून भरत राहणं याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. त्याने फक्त दोषाचा माग पुसला जातो.

अर्धा लिटर कमी झालं तर असं काय बिघडतं, असं कोणी विचारील. त्यासाठी पसरणीच्या घाटाचाच हिशेब मांडून पाहू. वाईहून पाचगणी सुमारे 600 मीटर उंच आहे. माणसं आणि सामान धरून दीड टनाची मोटार एवढी वर चढवायची, तर नुसती उंची गाठायलाच पाऊण ते एक लिटर पेट्रोल लागतं. इंधनातल्या उष्णतेचा ढोबळमानाने तिसरा हिस्सा चाकांना मिळतो, तिसरा सायलेन्सरवाटे निघून जातो आणि उरलेला तिसरा कूलंटला वाहून न्यावा लागतो. या तिसऱ्या हिश्श्यात तीस-पस्तीस लिटर, म्हणजे दोन बादल्या, गार पाण्याला उकळी येईल. छोट्या मोटारीत कूलंट असतं चार-पाच लिटर. एवढ्याशा द्रवाने ती सगळी उष्णता पंधरा-वीस मिनिटांत रेडिएटरपर्यंत नेऊन हवेत सोडायची, आणि तीही गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये हळू चढत असताना, म्हणजे रेडिएटरवर समोरून येणारा वारा कमी असताना. सांगलीहून मिरजेला जाताना जी अर्ध्या लिटरची तूट कळतही नाही, ती घाटात गाडी उभी करते. तूट आधीपासून होतीच. घाटाने ती उघड केली.

यात उंचीचा आणखी एक हात आहे, आणि आपल्या भागासाठी तो फार महत्त्वाचा आहे. पाणी 100 अंशांना उकळतं ते समुद्रसपाटीला. दर 300 मीटर वर गेलं की ते साधारण एक अंश आधी उकळतं. महाबळेश्वर सुमारे 1,370 मीटरवर आहे; तिथे उघड्या भांड्यातलं पाणी 95-96 अंशांनाच उकळेल. इकडे कूलंटला रेडिएटरची वाट मोकळी करणारा इंजिनाचा थर्मोस्टॅट 82 ते 88 अंशांना उघडायला लागतो आणि इंजिन चालतं 90 ते 100 अंशांच्या दरम्यान. मग महाबळेश्वरला पोचणाऱ्या प्रत्येक गाडीतलं पाणी उकळत का नाही? रेडिएटरच्या झाकणामुळे. त्या झाकणातली स्प्रिंग आत साधारण एका वातावरणाइतका जादा दाब धरून ठेवते, त्यामुळे साधं पाणीसुद्धा 118-120 अंशांपर्यंत उकळत नाही. योग्य प्रमाणात पाणी मिसळलेलं कूलंट त्याहूनही वर टिकतं. झाकणाचं रबर कडक झालं, स्प्रिंग सैल पडली, की हा आधार गेला. सपाटीवर वर्षभर कोणाला पत्ता लागत नाही. घाटात मात्र कूलंट उकळून रेडिएटरला जोडलेल्या कूलंटच्या बाटलीत येतं आणि बाटलीतून रस्त्यावर सांडतं. त्याच झाकणात एक छोटा उलटा व्हॉल्व्हही असतो. इंजिन गार होताना बाटलीतलं कूलंट तोच परत रेडिएटरमध्ये ओढू देतो. तो चिकटला तर बाटली काठोकाठ भरलेली आणि रेडिएटर वरून रिकामा, अशी फसवी स्थिती होते. म्हणून ज्या गाडीला रेडिएटरवर वेगळं झाकण आहे तिथे नुसती बाटली पाहून समाधान मानू नये. बऱ्याच नव्या गाड्यांत दाबाचं झाकण बाटलीवरच असतं. झाकण कुठेही असो, या सगळ्या यंत्रणेतल्या सर्वांत स्वस्त भागांपैकी तो एक आहे, आणि तपासायचा मात्र सर्वांत शेवटी राहतो.

गाडी तापते एवढंच गॅरेजमध्ये सांगण्याऐवजी ती कुठे तापते हे सांगितलं तर निम्मं निदान तिथेच होतं. मिरजेच्या बाजारात, सिग्नलला, गर्दीत तापते आणि कराडच्या हायवेला लागली की काटा खाली येतो, तर संशय रेडिएटरच्या पंख्यावर घ्यावा. एसी लावल्यावर पंखा फिरायला हवा. फिरत नसेल तर फ्यूज, रिले, मोटर यांपैकी काहीतरी गेलं आहे. उलट गर्दीत ठीक चालते पण चढाला किंवा हायवेच्या वेगात तापते, तेव्हा कूलंट किंवा हवा पुरेशी वाहत नाही असं समजावं: रेडिएटर आतून क्षाराने तुंबला असेल, थर्मोस्टॅट अर्धाच उघडत असेल, नाहीतर पंपाची पाती झिजली असतील. बाहेरून तुंबण्याचंही आपल्याकडे खास कारण आहे. उसाच्या हंगामात ट्रॉल्यांमागून जाताना पाचटाचे तुकडे आणि धूळ रेडिएटरच्या पुढच्या जाळीत जाऊन बसते, आणि एसीचा कंडेन्सर समोर असल्यामुळे दोघांच्या मध्ये साचलेला कचरा वरून दिसत नाही. सकाळी गार इंजिन सुरू केल्यावर पाच-सात मिनिटांतच काटा लाल खुणेकडे चढला, तर आत कूलंटच नाही, थर्मोस्टॅट बंद अडकला आहे, किंवा हेड गॅस्केट, म्हणजे इंजिन आणि त्याचं वरचं हेड यांच्यामधलं सील, गेलं आहे, या तीन शक्यता आधी पाहाव्या.

गळती शोधायला घाई चालत नाही. कृष्णेवरून शेतापर्यंत पाइपलाइन आणलेला पलूसचा शेतकरी टोकाला पाणी कमी पडलं की लाइनवरून पायी चालत ओल शोधतो. मोटारीतही तेच करायचं आहे. गाडी रात्रभर उभी करून खाली पुठ्ठा ठेवावा. सकाळी त्यावर डाग दिसला तर त्याच्या बरोबर वर पाहावं. कूलंट वाळलं की मागे हिरवट, गुलाबी किंवा पांढरट खपली ठेवतं. होज पाइपच्या क्लॅम्पपाशी, रेडिएटरचं प्लास्टिकचं टोक ॲल्युमिनियमच्या गाभ्याला जिथे दाबून बसवलेलं असतं त्या शिवणीवर आणि बाटलीच्या तळाशी ही खपली शोधावी. पंपाकडे नीट पाहावं. किर्लोस्करवाडीत लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1910 मध्ये कारखाना काढला आणि पुढे ते गाव पंपांसाठी देशभर ओळखलं गेलं; तिथल्या कामगाराला मोटारीतला वॉटर पंप उघडून दाखवला तर तो लगेच ओळखेल, कारण तोही सेंट्रिफ्युगल पंपच आहे. फिरणारा दांडा बाहेर येतो तिथे सील असतं, आणि सीलमागे बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. सील गेलं की त्या भोकातून थेंब पडतो, म्हणजे पंप स्वतःच दोष सांगतो. असा थेंब दिसल्यावर भोक एम-सीलने बुजवणारे लोक आहेत. मग ते पाणी बेअरिंगमध्ये जातं आणि पंप जाम होतो. पायाखालचं मॅटिंग ओलं, काचेवर आतून चिकट धुकं आणि गोडसर वास, असं असेल तर डॅशबोर्डमागचा हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. यातलं काहीच दिसलं नाही तर गॅरेजमध्ये प्रेशर टेस्टर लावायला सांगावं. गार इंजिनात हातपंपाने झाकणाइतका दाब भरायचा आणि काटा पडतो का ते पाहायचं. पंधरा मिनिटांचं काम आहे.

बाहेर कुठेच गळती नाही, तरीही कूलंट कमी होतं, तर ते आत जात आहे. इंजिन गरम झाल्यावरही सायलेन्सरमधून पांढरा धूर येत राहणं, गार असताना सुरू केल्याबरोबर वरचा होज दगडासारखा टणक होणं, रेडिएटरमध्ये सारखे बुडबुडे येणं ही हेड गॅस्केटची लक्षणं. ऑइलच्या झाकणाखाली चहाच्या सायीसारखा थर दिसला की लोक घाबरतात. पण महाबळेश्वर-पाचगणीच्या पावसात रोज दोन-दोन किलोमीटर फिरणाऱ्या गाडीत नुसत्या दमटपणानेही असा थर धरतो. डिपस्टिकवरचं ऑइल दुधी झालं असेल तर मात्र शंका नको. जळलेला वायू कूलंटमध्ये येतो का हे पाहणारं रंग बदलणारं द्रावण मिळतं. हेड उतरवण्याआधी ती चाचणी करून घ्यायचा आग्रह धरावा, कारण एकदा हेड उतरवलं की खर्च झालाच. डिझेल गाडीत आणखी एक आडवाट आहे: ईजीआर कूलर, म्हणजे इंजिनात परत सोडायचा धूर गार करणारा भाग. तो आतून फुटला तर कूलंट थेट धुराच्या मार्गात जातं; जमिनीवर थेंब नाही, ऑइलही स्वच्छ. अशा गाडीचं हेड निष्कारण उघडलं जातं.

आता आक्षेप. पहिला आणि सर्वांत वजनदार असा की पूर्वीच्या गाड्या विहिरीच्या पाण्यावर वीस-वीस वर्षं चालल्या, त्यांना कूलंट कोणी घातलं? हे खरं आहे. पण अँबेसिडरचं इंजिन बिडाचं होतं, रेडिएटर तांब्या-पितळेचा, आणि गळला तर डाख लावून देणारा कारागीर प्रत्येक तालुक्याला होता. आजचं हेड ॲल्युमिनियमचं, रेडिएटरचा गाभा ॲल्युमिनियमचा, त्यातल्या वाटा अगदी अरुंद. माण, खटाव, आटपाडी, जत, कवठे महांकाळ या भागांतलं बोअरचं पाणी क्षारयुक्त असतं. बंबाच्या आत जो पांढरा थर धरतो तोच त्या अरुंद वाटांत धरतो, आणि पाण्यातले क्षार ॲल्युमिनियम खातात. कूलंटमधलं गंजरोधक द्रव्य यासाठीच असतं. आपल्याकडे बर्फ पडत नाही म्हणून कूलंट नको, हा युक्तिवाद त्यामुळे टिकत नाही. दुसरा आक्षेप खर्चाचा. कूलंटला पैसे पडतात, पाणी फुकट आहे. पण तापलेल्या इंजिनाचं वाकलेलं हेड घासून, गॅस्केट बदलून गाडी परत मिळते तेव्हाच्या बिलाशी कूलंटच्या कॅनची तुलनाच होऊ शकत नाही. तिसरा आक्षेप अनुभवी मिस्त्रींचा आहे आणि तो मी आदराने घेतो: थर्मोस्टॅट काढून टाकला, पंखा डायरेक्ट करून कायम चालू ठेवला, गाडी तापायची थांबली, मग वाईट काय? वाईट हे की तुंबलेला रेडिएटर तुंबलेलाच राहिला. थर्मोस्टॅट नसलेलं इंजिन हायवेला नको इतकं गार चालतं, जास्त पेट्रोल पितं, लवकर झिजतं. आणि काही इंजिनांत थर्मोस्टॅटच बायपासची वाट बंद करत असतो, तिथे तो काढल्यावर गरम कूलंट रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात येतं आणि चढाला गाडी आणखी तापते. चौथ्या आक्षेपात तथ्य आहे: वर्षभरात बाटलीतली पातळी किंचित उतरणं, किंवा नवं कूलंट भरल्यावर आत अडकलेली हवा निघून पहिल्या काही दिवसांत ती खाली येणं, हा दोष नाही. महिन्या-दोन महिन्यांत पुन्हा पुन्हा भरावं लागतं तेव्हा तो दोष समजावा.

रस्त्यावर गाडी तापलीच, तर नियम वेगळे. एसी बंद करावा, काच खाली घेऊन हीटर पूर्ण सोडावा, त्यानेही थोडी उष्णता बाहेर पडते. सुरक्षित जागा दिसताच थांबावं. लाल दिवा लागला असेल तर इंजिन बंद. तापमानाचा काटा अचानक खाली आला म्हणून हायसं वाटून घेऊ नये. कूलंट संपलं की सेन्सर वाफेत उघडा पडतो आणि खोटं सांगतो, आणि पुढच्या काही किलोमीटरमध्ये इंजिन सीझ होऊ शकतं. झाकण गरम असताना कधीही उघडू नये. दाब सुटताच 110 अंशांचा द्रव क्षणात वाफ होऊन तोंडावर येतो. अर्धा-पाऊण तास थांबावं, वरच्या होजला हात लावून तो सहन होतो का पाहावं, मग फडकं धरून झाकण सावकाश सैल करावं. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतल्याने हेडला चीर जाऊ शकते. इंजिन गार झाल्यावर पिण्याचं पाणी भरून गॅरेज गाठायला काहीच हरकत नाही. मात्र तिथे पोचल्यावर किती भरलं आणि कुठे तापली, हे नक्की सांगावं.

घाट चढायला निघण्याच्या आठवडाभर आधी, सकाळी गार गाडीत, कूलंटच्या बाटलीवर आजच्या पातळीपाशी मार्करने एक रेघ ओढा. निघायच्या दिवशी सकाळी, इंजिन सुरू करण्याआधी, पुन्हा पाहा. पातळी रेघेखाली गेली असेल तर आधी गाडी दाखवा, मग महाबळेश्वरला जा. आणि गॅरेजमध्ये जुनं कूलंट काढलं तर ते गटारात सोडू देऊ नका किंवा उघड्या टबात राहू देऊ नका. ते चवीला गोड आणि विषारी असतं; कुत्री आणि गुरं ते पितात आणि मरतात.