अन्नाविषयी शंका आली, तर काय सांगावे आणि काय विचारावे

अन्नसुरक्षेच्या शास्त्रात अपाय करू शकणाऱ्या घटकाला धोका म्हणतात आणि त्या घटकामुळे प्रत्यक्ष अपाय होण्याची शक्यता व त्या अपायाची तीव्रता यांना मिळून जोखीम म्हणतात. ही जोखीम तो घटक किती प्रमाणात आणि किती दिवस पोटात गेला यावर ठरते. ती लोकांना वेळेवर, समजेल अशा भाषेत सांगणे आणि त्यांच्या शंका ऐकून घेणे म्हणजे जोखीम-संवाद होय.

या संवादाची कसोटी अकोल्याला लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात, शेगाव तालुक्यात लागली. डिसेंबर 2024 च्या अखेरीपासून बोंडगाव, कालवड, हिंगणा अशा गावांत डोक्याला खाज सुटून अवघ्या काही दिवसांत टक्कल पडू लागले. हा भाग पूर्णा खोऱ्यातील खारपाणपट्ट्याचा, म्हणजे खाऱ्या भूजलाचा, असल्याने पहिला संशय पाण्यावर गेला आणि तपासणीत पाण्यात नायट्रेट जास्तही आढळले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पथकांनी नमुने नेले. पुढे फेब्रुवारी 2025 मध्ये वैद्यकीय संशोधक डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांच्या रक्तात, लघवीत व केसांत सेलेनियम वाढल्याचे सांगून त्याचा संबंध रेशनच्या गव्हाशी जोडला. सेलेनियम हे मूलद्रव्य शरीराला रोज अत्यल्प, मायक्रोग्रॅममध्ये मोजण्याइतकेच लागते आणि ते अति झाल्यास केस गळतात, नखे ठिसूळ होतात. हा गहू ज्या पंजाबातून आल्याचे सांगितले गेले, तेथील काही पट्ट्यांच्या मातीत ते अधिक असते आणि पीक ते मुळांवाटे शोषून घेते. म्हणून असे धान्य पाखडून किंवा धुऊन ते निघत नाही.

संशय पाण्यावरून गव्हावर जाईपर्यंतच्या आठवड्यांत अफवांना मोकळे रान मिळाले. हा आजार संसर्गाचा असावा अशा भीतीने लोक बाधितांपासून अंतर राखू लागल्याच्या आणि सोयरिकी अडल्याच्या बातम्या आल्या. म्हणून प्रशासनाने अहवालाची वाट पाहत गप्प न बसता काय कळले आहे, काय कळायचे आहे, तोवर काय खावे-प्यावे आणि पुढची माहिती कधी मिळेल, या चार गोष्टी पहिल्याच दिवशी ग्रामसभेत, दवंडीने आणि आकाशवाणीवरून सांगितल्या पाहिजेत. अंदाज बदलला, तर तो का बदलला हेही सांगितले पाहिजे.

श्रोत्यांनीही आपला वाटा उचलावा. एकाच घरातील किंवा एकाच दुकानाचे धान्य खाणाऱ्या अनेकांना सारखा त्रास होऊ लागल्यास ते धान्य फेकून न देता बाजूला ठेवावे, थोडा नमुना कोरड्या, स्वच्छ डब्यात झाकून त्यावर खरेदीची तारीख व दुकान लिहावे, रेशनची पावती जपावी आणि आशा सेविकेला, आरोग्य उपकेंद्राला तसेच अन्न व औषध प्रशासनाला कळवावे. भ्रमणध्वनीवर आलेला संदेश पुढे पाठवण्यापूर्वी तो कोणी, कोणत्या तपासणीच्या आधारे दिला हे पाहावे. बाधित कुटुंबाला मात्र कोणीही वाळीत टाकू नये, कारण सर्वांत आधी तक्रार घेऊन येणारे घरच गावाला सावध करत असते. त्याला लाज वाटायला लावली, तर पुढचे घर दुखणे लपवील आणि खरे कारण सापडण्यास तेवढाच उशीर होईल.