खोकल्याची बाटली आणि आपली जबाबदारी
(आष्टा येथे नागरिकांसमोर दिलेल्या भाषणाचा सारांश)



उसाचा हंगाम सुरू झाला की आपल्या पंचक्रोशीत पहाटे धुके, दुपारी धूळ आणि रात्री पेटलेल्या पाचटाचा धूर, असा क्रम लागतो. घरोघर नाके वाहू लागतात, खोकल्याची ढास लागते. मग बाजारातून परतताना आपण औषधाच्या दुकानी थांबतो आणि ‘खोकल्यावर काहीतरी द्या’ असे सांगून एक बाटली व चार गोळ्या घेऊन घरी येतो. इतक्या सहज जे मिळते ते निरुपद्रवीच असणार, अशी आपली समजूत असते. ती तपासून पाहावी, एवढ्याचसाठी मी आपणापुढे उभा आहे.

साधी सर्दी विषाणूंमुळे होते आणि बहुधा आठवडा-दहा दिवसांत आपोआप ओसरते. औषध तिला बरी करीत नाही. फक्त त्रास थोडा हलका करते. प्रतिजैविकांचाही तिच्यावर उपयोग होत नाही. लाभ एवढा मर्यादित असताना त्यापायी मोठा धोका पत्करणे शहाणपणाचे नव्हे.

सर्दीच्या एकाच गोळीत बहुधा दोन-तीन औषधे असतात. क्लोरफेनिरामिन शिंका व अॅलर्जी कमी करते. पण झोप आणते. ते घेऊन रात्री उसाची ट्रॉली ओढणारा ट्रॅक्टर चालविणे, अथवा त्यावर मद्य घेणे, जिवावर बेतू शकते. वृद्धांची लघवी त्यामुळे तुंबू शकते. नाक मोकळे करणारे फेनिलेफ्रिन रक्तदाब वाढवू शकते. पॅरासिटामॉल तर सर्दीच्या व तापाच्या अशा दोन्ही गोळ्यांत असू शकते. दोन्ही एकदम घेतल्यास मात्रा दुप्पट होऊ शकते आणि यकृताला इजा पोहोचू शकते. म्हणून वेष्टनावरील नावापेक्षा त्याखालचे घटक वाचावेत. वाचता न आल्यास दुकानातील औषधनिर्मात्यास विचारावे. विचारण्यात कमीपणा नाही.

लहान मुलांविषयी अधिक सावध राहिले पाहिजे. क्लोरफेनिरामिन व फेनिलेफ्रिन यांचे मिश्रण चार वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा इशारा वेष्टनावर छापण्याचे आदेश केंद्रीय औषध नियंत्रकांनी 2023 मध्ये दिले. दोन वर्षांखालील मुलांना खोकल्या-सर्दीची औषधे देऊ नयेत व पाच वर्षांखालील मुलांना ती सामान्यतः टाळावीत, असे केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालनालयाने ऑक्टोबर 2025 मध्ये बजावले. मोठ्यांची बाटली ‘अर्धा चमचा’ म्हणून बाळास पाजू नये. डॉक्टरांनी औषध दिलेच, तर ते घरच्या चमच्याने नव्हे, बाटलीसोबतच्या मापानेच द्यावे. एक वर्षावरील मुलास थोडा मध चाटवावा. त्याहून लहान बाळास मात्र मध कधीही देऊ नये.

हा इशारा अनाठायी नाही. 1986 मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरीनमुळे 14 रुग्ण दगावले; न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे गोडसर, पण मूत्रपिंडे निकामी करणारे विष होते. तेच विष 2025 मध्ये कोल्ड्रिफ नावाच्या खोकल्याच्या औषधात निघाले. मर्यादा 0.1 टक्का असताना तपासणीत ते 48.6 टक्के आढळले. मध्य प्रदेशातील छिंदवाडा परिसरातील वीसहून अधिक मुले त्यात गेली. त्यांपैकी अनेकांवर आपल्या नागपुरात उपचार झाले होते. त्यांचे मूळ दुखणे साधे सर्दी-तापाचेच होते.

असे विष चवीने वा रंगाने ओळखता येत नाही. आपल्या हाती आहे ते एवढेच: परवानाधारक दुकानातूनच औषध घ्यावे, पावती मागावी, मुदत पाहावी आणि औषध संपेपर्यंत समूह क्रमांक असलेली बाटली जपावी. शंका आल्यास औषध थांबवून अन्न व औषध प्रशासनास कळवावे. औषध घेतल्यावर मुलाची लघवी कमी झाली, उलट्या झाल्या किंवा ते सुस्तावले, तर बाटलीसह तत्काळ रुग्णालय गाठावे. श्वास जलद चालत असेल, छाती आत ओढली जात असेल, बाळ अंगावर पीत नसेल, तर दुकानाकडे न वळता 108 क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. दोन आठवड्यांवर टिकलेला खोकला क्षयाचा असू शकतो. त्याची तपासणी सरकारी दवाखान्यात विनामूल्य होते.

पिकावर औषध फवारण्यापूर्वी आपण डब्यावरील प्रमाण दोनदा विचारतो. लेकराच्या ओठी औषध लावताना त्याहून कमी विचारू नये, एवढी विनंती करून आपली रजा घेतो.