पाटी लावली म्हणजे जबाबदारी संपली?



‘कुत्र्यापासून सावध राहा’ ही पाटी ज्याने पाहिली नाही असा माणूस महाराष्ट्रात सापडायचा नाही. ज्याला वाचता येत नाही, तोही फाटकामागच्या आवाजावरून ती वाचतो. पण या पाटीकडे जरा निरखून पाहा. ती हुकूम कोणाला करते? पेपर टाकणाऱ्या मुलाला, दूधवाल्याला, पोस्टमनला, खांद्यावर गॅसचा सिलिंडर घेऊन आलेल्या माणसाला. सावध त्यांनी राहायचं. ज्यानं कुत्रा पाळला त्यानं काय करायचं, याबद्दल पाटी गप्प आहे. कायदा मात्र गप्प नाही. आज त्याविषयी थोडं बोलायचं आहे.

आधी एक खुलासा करतो. भटक्या कुत्र्यांचा प्रश्न वेगळा आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातल्या भटक्या कुत्र्यांबद्दल आदेश दिला, थोड्याच दिवसांत तो बदलला, आणि देशभर वादाचा धुरळा उडाला. त्या धुरळ्यात एक गोष्ट झाकली गेली. ज्याच्या गळ्यात पट्टा आहे आणि त्या पट्ट्याचं दुसरं टोक कुणाच्या तरी हातात आहे, तो कुत्रा चावला तर कोण जबाबदार? माझं बोलणं या पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाविषयी आहे.

आपल्याकडे १८६०च्या भारतीय दंड संहितेत २८९ वं कलम होतं. आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा संभव असेल, आणि जाणूनबुजून किंवा हयगयीनं त्याचा पुरेसा बंदोबस्त केला नाही, तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १८६० साली हजार रुपये म्हणजे केवढी रक्कम! सामान्य माणसाचं घरदार विकलं गेलं असतं. पुढे रुपया घसरत गेला, दंडाचा आकडा मात्र जागचा हलला नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्यात हाच गुन्हा २९१ व्या कलमात आला आहे. कैद तीच, दंड पाच हजारांपर्यंत. हयगयीमुळे कुणाचा जीव गेला तर १०६ वं कलम आहे. पूर्वी त्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद होती, आता पाच वर्षांपर्यंत आहे. शिवाय हिंस्र कुत्रा मुसकीशिवाय रस्त्यावर मोकळा सोडायचा नाही, असं आपल्या राज्याचा १९५१चा पोलीस कायदाही सांगतो.

या कलमांची भाषा रुक्ष आहे, पण विचार सरळ आहे. कुत्र्यानं काय केलं, एवढंच विचारून कायदा थांबत नाही. मालकानं काय केलं नाही, हे तो विचारतो. मग फाटकावरच्या पाटीचं काय? मालकाला वाटतं, पाटी लावली, आपण सुटलो. पण आपलं जनावर धोक्याचं आहे हे त्याला ठाऊक होतं, याची साक्ष उद्या तीच पाटी देऊ शकते.

मुंबईतली दोन प्रकरणं सांगतो. पहिलं २०१० सालचं. दोन नातेवाईक रस्त्यात उभे राहून बोलत होते. एकाचा रॉटवायलर कुत्रा गाडीत होता आणि बाहेर येण्यासाठी धडपडत होता. दुसरा, सत्तरी ओलांडलेला गृहस्थ, म्हणाला, दार उघडू नका. दार उघडलं गेलं, आणि कुत्रा त्याच्यावरच धावून गेला. निकाल लागला २०२३ साली. मालकाला तीन महिन्यांची कैद झाली. दुसरं प्रकरण वरळीतलं, २०१८ सालचं. लिफ्टमध्ये एक गृहस्थ लहान मुलाला घेऊन उभे होते. मुलाला कुत्र्याची भीती वाटते, जरा थांबा, अशी त्यांनी विनंती केली. कुत्र्याला ओढत आत आणलं गेलं, आणि तो चावला. २०२५ मध्ये मालकाला चार महिन्यांची शिक्षा सुनावली गेली.

या दोन गोष्टींत मला एक साम्य दिसतं. दोन्ही ठिकाणी कुणीतरी आधी ‘थांबा’ म्हणालं होतं. खरा गुन्हा त्या क्षणी घडला. चावा ही नंतरची गोष्ट. आणि काळ पाहा. एका खटल्याला तेरा वर्षं, दुसऱ्याला सात. रॉटवायलरचं आयुष्यच मुळी दहाएक वर्षांचं. ज्याच्यावरून दावा पेटला ते जनावर मरून जातं आणि माणसं तारखा मोजत राहतात.

या दोघा गृहस्थांना निदान ‘थांबा’ म्हणता आलं. ज्यांना तेवढंही म्हणता येत नाही त्यांचं काय? जानेवारी २०२३ मध्ये हैदराबादच्या बंजारा हिल्स भागात एक २३ वर्षांचा तरुण जेवणाचं पार्सल द्यायला तिसऱ्या मजल्यावर गेला. दार उघडताच घरातला कुत्रा अंगावर धावला. तो पळाला, जीव वाचवायला कठड्यावरून उतरू लागला आणि खाली पडला. काही दिवसांनी इस्पितळात त्याचा मृत्यू झाला. कुत्र्याचा दातही लागला नव्हता, तरी एका घरातला कमावता मुलगा गेला. पोलिसांनी मालकावर गुन्हा नोंदवला. चावलाच नाही तर गुन्हा कसला, असं विचारणाऱ्यांनी ही घटना आठवावी.

बाहेरच्या देशांनी काय केलं? इंग्लंडनं १९९१ साली धोकादायक कुत्र्यांचा कायदा केला आणि पिट बुल, जपानी टोसा अशा चार जातींवर बंदी घातली. १ फेब्रुवारी २०२४ पासून त्यांत एक्सएल बुलीची भर पडली. परवान्याखेरीज तो बाळगणं तिथं गुन्हा आहे. पण त्याच कायद्याचा दुसरा भाग मला अधिक मोलाचा वाटतो. कुत्रा कुठल्याही जातीचा असो, तो आवरला गेला नाही आणि माणूस मेला तर मालकाला चौदा वर्षांपर्यंत कैद, जखमी झाला तर पाच वर्षांपर्यंत. २००२ साली खुद्द राजकन्या ॲन यांच्या कुत्रीनं विंडसरच्या उद्यानात दोन मुलांचा चावा घेतला, तेव्हा त्यांनाही कोर्टात उभं राहावं लागलं. गुन्हा कबूल करून त्यांनी पाचशे पौंड दंड भरला. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोमध्ये २००१ साली दोन कुत्र्यांनी इमारतीच्या व्हरांड्यात एका शेजारणीचा जीव घेतला. तिथं मालकिणीवर थेट खुनाचा गुन्हा शाबीत झाला.

जातीवर बंदी घालून भागतं का? हॉलंडनं १९९३ साली पिट बुलवर बंदी घातली आणि चाव्यांचं प्रमाण घटत नाही असं दिसल्यावर पंधरा वर्षांनी ती उठवायचं ठरवलं. आपल्या केंद्र सरकारनं मार्च २०२४ मध्ये एका पत्रानं तेवीस जातींवर बंदी आणायला सांगितलं. संबंधितांचं म्हणणंच ऐकलं नाही म्हणून कर्नाटक उच्च न्यायालयानं महिन्याभरात ते पत्र रद्द केलं. माझं मत विचाराल तर जन्मावरून कुणाला गुन्हेगार ठरवू नये. माणसाला नाही, कुत्र्यालाही नाही. ताकदवान जबड्याचा कुत्रा पाळणाऱ्यानं जास्त काळजी घ्यावी, ही अपेक्षा मात्र रास्त आहे.

श्वानप्रेमी मंडळी म्हणतात, शिक्षा कडक केली तर लोक घाबरून कुत्री रस्त्यावर सोडून देतील. ही भीती खोटी नाही. पाळलेलं जनावर असं वाऱ्यावर सोडणं हाही १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे. पण पहिल्या गुन्ह्याला दंड किती? दहा ते पन्नास रुपये! आज एवढ्यात कुत्र्याच्या बिस्किटांचा बरा पुडाही येत नाही. तेव्हा कायद्याची दोन्ही दारं नीट बसवायला हवीत. निष्काळजीपणे पाळणाऱ्यालाही चाप हवा आणि सोडून देणाऱ्यालाही.

माझ्या मते कैदेच्या वर्षांपेक्षा दोन गोष्टी अधिक गरजेच्या आहेत. एक, चावा होण्याआधीची शिस्त: नोंदणी, रेबीजची लस, रस्त्यावर पट्टा, गरज असेल तिथं मुसकी, आणि हे मोडणाऱ्याला तिथल्या तिथे दंड. दुसरी, जखमी माणसाला लवकर भरपाई. दंडाची रक्कम सरकारजमा होते. न्यायालय त्यातून जखमीला भरपाई देववू शकतं, पण निकालच दहा वर्षांनी लागला तर काय उपयोग? घरकाम करणाऱ्या बाईला कुत्रा चावला की इंजेक्शनांसाठी चार-पाच खेपा होतात. प्रत्येक खेपेला खाडा, प्रत्येक खाड्याला पगार कापला जातो. चावा कुत्र्याचा आणि भुर्दंड तिचा, हा कुठला न्याय?

मी कुत्र्यांचा वैरी नाही. आमच्या घरांत कुत्रा सहसा उंबरठ्याच्या आत येत नाही, पण गुहेत झोपलेल्या नेकदिल तरुणांची, अस्हाब-ए-कहफची, गोष्ट ऐकतच आम्ही वाढलो. गुहेच्या तोंडाशी पाय पसरून त्यांची राखण करणारा कुत्राच होता. आणि शाळेत नामदेवांची गोष्ट ऐकली. कुत्र्यानं पोळी पळवली, तर कोरडी खाऊ नकोस म्हणून हे तुपाची वाटी घेऊन त्याच्यामागे धावले. ज्या मातीत अशा गोष्टी सांगितल्या जातात, तिथं कुत्र्याचा द्वेष रुजू नये.

आपल्या मराठीत ‘पाळणे’ हा मोठा गमतीचा शब्द आहे. आपण कुत्रा पाळतो, नियम पाळतो आणि दिलेला शब्दही पाळतो. दिवसभर गॅलरीत साखळीला बांधलेला, कुणी न फिरवलेला कुत्रा चिडका झाला तर दोष त्याचा नव्हे. बंगल्याचा दरारा वाढवायला कुत्रा आणायचा आणि त्याला वळण लावायचं नाही, हे पाळणं नव्हे. जो नियम पाळू शकत नाही, त्यानं कुत्राही पाळू नये. आणि पाळलाच असेल, तर समोरचा माणूस ‘जरा थांबा’ म्हणेल तेव्हा थांबावं. तो लिफ्टमधला शेजारी असो की दारात पार्सल घेऊन उभा असलेला पोरगा, त्याला घरी सुखरूप परत जायचं असतं.