ऐंशीला अडलेला काटा



मध्यंतरी पुण्याहून मुंबईला भाड्याच्या गाडीने येत होतो. तळेगावचा टोलनाका मागे पडला आणि पुढे एक लांबलचक ट्रेलर आला, पंचाहत्तरच्या आसपास चाललेला. आमचे चालकदादा उजवीकडून त्याला ओलांडायला निघाले. ट्रेलरची मागची चाकं माझ्या खिडकीशी आली आणि तिथेच घुटमळली. मागून कुणीतरी डिपरवर डिपर देत होतं. दादा म्हणाले, "पाय पार खाली टेकलाय साहेब, पण ऐंशीच्या पुढे ही जायचीच नाही. पिवळी पाटी आहे ना!"

मी मनातल्या मनात हिशेब मांडला. दोघांच्या वेगात फरक ताशी 5 किलोमीटरचा, म्हणजे सेकंदाला दीड मीटरसुद्धा नाही. ट्रेलरची लांबी, आमची लांबी आणि मागेपुढे सोडायची जागा धरून 60 मीटर तरी कापायचे. पाऊण मिनिट जातं, आणि तेवढ्यात रस्त्याचा जवळजवळ 1 किलोमीटर संपतो. युरोपात अवजड ट्रकना ताशी 90 चा लगाम आहे. तिथे एक लगामवाला ट्रक दुसऱ्याला असा रेंगाळत ओलांडू लागला, की जर्मन लोक त्याला 'हत्तींची शर्यत' म्हणतात.

हा लगाम, चालकांच्या भाषेत गव्हर्नर, काही अगम्य यंत्र नाही. गाडीचा वेग ठरलेल्या आकड्याला भिडला, की इंजिनाला मिळणारं इंधन आखडतं, एवढंच. 2015 च्या केंद्रीय अधिसूचनेने ट्रक आणि प्रवासी बसना 80, तर डंपर, टँकर आणि शाळेच्या बसना 60 ची मर्यादा घातली. पुढे टॅक्सीही त्यात आल्या. पांढऱ्या पाटीची तीच गाडी मात्र मोकळी! नव्या मोटारींना 1 जुलै 2019 पासून नुसता बीप आहे: 80 ओलांडले की अधूनमधून, 120 च्या पुढे सलग. गाण्याचा आवाज वाढवला की तोही ऐकू येत नाही.

म्हणून दादांचा वैताग पटला, तरी मी गव्हर्नरच्याच बाजूचा. रस्ता कोरडा आहे, ब्रेक चांगले आहेत, आणि समोर काहीतरी दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत 1 सेकंद गेला, असं धरा. 80 ने येणारी गाडी साधारण 57 मीटरवर उभी राहते. 120 ने येणारी गाडी त्याच जागी पोचते तेव्हा तिचा वेग अजून 100 च्या घरात असतो. पहिलीच्या चालकाला घाम फुटेल. दुसरीच्या चालकाचं काय होईल, ते सांगायला नको.

पण आकडा कुठला, यावर सगळं आहे. व्होल्व्होने 2020 पासून आपल्या मोटारींना ताशी 180 चा लगाम घातला. बड्या जर्मन कंपन्यांचा 250 चा अलिखित करार तर त्याहून कितीतरी जुना. आपल्या समृद्धी महामार्गावर मोटारींना 120 ची मर्यादा आहे. तिथे हा 180 चा लगाम कायदा पाळणाऱ्याला कधी जाणवणार? मला तरी ती शोभेची दोरी वाटते. त्यापेक्षा युरोपची नवी वाट बरी. जुलै 2024 पासून तिथल्या प्रत्येक नव्या मोटारीला त्या-त्या रस्त्याची मर्यादा ओळखून चालकाला टोकावं लागतं. अर्थात, चालकाला ती यंत्रणा बंद करता येते.

लोणावळा मागे टाकून आम्ही बोरघाट उतरू लागलो. दादांनी तिसरा गिअर टाकला. तेवढ्यात एक भरलेला टेम्पो शेजारून सुळकन खाली गेला. इंजिनाची घरघर नाही, नुसता टायरचा आवाज. "न्यूट्रलला टाकलाय," दादा म्हणाले, "डिझेल वाचवतोय." इथे गव्हर्नर काय करणार? तो इंधन तोडतो, आणि उतारावर गाडीला इंधन लागतच नाही. ओढणारं वजन असतं. न्यूट्रलमध्ये इंजिनाचा अटकाव जातो, सगळा भार ब्रेकवर येतो, ते तापतात आणि मग पकडत नाहीत. नोव्हेंबर 2022 मध्ये पुण्यात नवले पुलाच्या उतारावर एका ट्रकने अनेक गाड्यांना धडक दिली, त्यानंतरही न्यूट्रलचीच चर्चा झाली होती.

आणि प्रश्न घाटापुरता किंवा महामार्गापुरता नाही. त्याच 2022 साली देशात रस्त्यांवर 1,68,491 माणसं गेली. त्यांतल्या दर तिघांपैकी जवळजवळ दोघं दुचाकीवरची किंवा पायी चालणारी होती.

चेंबूरला आमच्या गल्लीत वळलो तेव्हा रात्रीचे साडेनऊ झाले होते. क्लास सुटून मुलं बाहेर पडत होती, एकदोन जण सायकली ढकलत निघाले होते. मी पुढे वाकून पाहिलं. काटा पन्नासवर होता, आणि गव्हर्नर गप्प.

"दादा, जरा हळू," मी म्हणालो.