चालते राहू या
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)



हातात काठी पाहून बरेच जण विचारतात, "अण्णा, लकवा मारला होता का?" तर नाही. माझ्या आजाराचे नाव मल्टिपल स्क्लेरोसिस, थोडक्यात एमएस. विजेच्या तारेवर असते तसे मेंदू व मज्जारज्जूतील तंतूंवर एक आवरण असते. शरीराची प्रतिकारशक्तीच त्यावर हल्ला करते. मग संदेश नीट पोहोचत नाहीत. पाय जड होतात, तोल जातो, दिसायला अंधूक होते, फार थकवा येतो. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही. बहुधा विशी ते चाळिशीत सुरू होतो, बायकांत जास्त. माझे निदान मी बँकेत असताना, चाळिशी उलटल्यावर झाले.

समूळ बरे करणारे औषध अजून नाही. पण १९९३ साली अमेरिकेत इंटरफेरॉन बीटाला मंजुरी मिळाली आणि पुढे झटके कमी करणारी बरीच औषधे आली.

एमएसवाल्याला उष्णता सोसत नाही, आणि आपले भुसावळ म्हणजे पारा ४५च्या वर नेणारे गाव! अंग तापले की पाय ऐकत नाहीत. गार झाले की पुन्हा ताळ्यावर येतात. म्हणून मे महिन्यात माझे फिरणे पहाटे, आवारातच. दुपारी कूलर आणि मानेवर ओला पंचा. फिजिओथेरपीचे व्यायाम रोज. ताकद मी खात्यासारखी वापरतो : शिल्लक पाहून काढायची, ओव्हरड्राफ्ट नाही.

मुंबईत १९८५ पासून मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडिया काम करते आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांतही एमएस आहे. कुणाच्या नात्यात असा रुग्ण असेल तर त्याला हे जरूर सांगा.

आता घरचा विषय. आपल्याकडे लिफ्ट नाही. माझ्या दारापर्यंत ३८ पायऱ्या, कठडा एकाच बाजूला. चढताना तो माझ्या डाव्या, धड हाताला येतो. उतरताना उजव्या, कमजोर हाताला. मुलगा म्हणतो, "बाबा, पुण्याला चला." पण मला इथेच राहायचे आहे. पंचवीस वर्षांपूर्वी आपण पायऱ्या धावत चढायचो. आज निम्म्या घरांत कुणाचे ना कुणाचे गुडघे दुखतात. भिंतीच्या बाजूनेही एक पाइप बसवावा, हा विषय कमिटीने येत्या सर्वसाधारण सभेत घ्यावा, ही विनंती. माझी वर्गणी मी आधी भरतो.

सर्वांना आरोग्य लाभो.