बोलपट ऐकावा कसा?



व्याख्यानाचे नाव वाचून आपणांपैकी काहींना नवल वाटले असेल. चित्रपट ही पाहण्याची वस्तू; ती ऐकावी कशी हे सांगायला व्याख्यान कशाला हवे? आपण सारेच 'सिनेमा पाहिला' म्हणतो, 'सिनेमा ऐकला' असे कोणी म्हणत नाही. आमचीही समजूत बरीच वर्षे तशीच होती. ती एका रात्रीत कशी पालटली, तेवढे आधी सांगतो.

आमच्या लहानपणी गावच्या जत्रेत तंबूतला सिनेमा येई. आमच्या आजीला मोतीबिंदू होता, पडद्यावरचे तिला धड दिसत नसे. तरी ती दरवर्षी आमचा हात धरून तंबूत येई आणि दुसऱ्या दिवशी शेजारणींना सगळी कथा बिनचूक सांगे. एके वर्षी ऐन रंगात कर्णा बंद पडला. पडद्यावर एक आई आजारी मुलाच्या उशाशी बसून रडत होती. आवाज होता तोवर सारा तंबू मुसमुसत होता. आवाज गेला, चित्र मात्र चालूच राहिले. आणि पाच मिनिटांत पोरे हसू लागली. तीच नटी, तेच अश्रू, पण नुसते हलणारे ओठ आता पोरांना माकडचेष्टांसारखे दिसू लागले. आजीने पदर सावरला आणि म्हणाली, "आता काय राहिलं बघायला? चल घरी." जिला दिसत नव्हते तिने 'बघायला' हा शब्द वापरावा, याचा अर्थ आम्हांस फार उशिरा कळला. ती कानांनी पाहत होती.

कोणी म्हणेल, मग मूकपट लोकांनी पाहिले कसे? दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' १९१३ साली लागला, त्याला कोठे आवाज होता? फितीत नव्हता हे खरे. पण मूकपट चालू असता पडद्यापुढे पेटी-तबला वाजत असे. माणसाला निःशब्द चित्र फार वेळ सोसत नाही. पुढे १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रगृहात 'आलम आरा' लागला आणि फीतच बोलू लागली. दुसऱ्याच वर्षी प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलला. पण नवा दागिना मिळालेली नवरी जशी तो झोपतानाही काढीत नाही, तशी बोलपटाची गत झाली. आवाज सापडला म्हणून तो सारखा वापरायचा! गाण्यांवर गाणी, दुःख आले की सारंगी, खलनायक आला की ढोल.

अशा दिवसांत, १९३७ साली, शांतारामबापूंनी प्रभातसाठी 'कुंकू' काढला. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरचा हा चित्रपट. नीरा नावाच्या तरुण मुलीचे लग्न फसवून एका वयस्क वकिलाशी लावले जाते, आणि ती त्या लग्नाला मान तुकवीत नाही. शांता आपटे आणि केशवराव दाते यांच्या भूमिका, केशवराव भोळ्यांचे संगीत. म्हणजे उत्तम संगीतकार हाताशी होता, गाणी होती. पण पार्श्वसंगीत म्हणून जे प्रसंगामागे वाजत राहते, ते या चित्रपटात ठेवलेच नाही. ठेवले ते घराचे आवाज. त्या घरातले जुने घड्याळ आठवा. वय उलटलेला नवरा आणि त्याच्यापुढे न नमणारी मुलगी एका छपराखाली राहतात, आणि घड्याळ आपले काम करीत राहते. तेथे सारंगी वाजली असती तर आपण नीरेची कीव केली असती आणि डोळे पुसून घरी गेलो असतो. सारंगी नव्हती, म्हणून त्या घराचा कोंडमारा आपल्याला सोसावा लागला. नीरेला कीव नकोच होती, न्याय हवा होता. आणि तिची ती मागणी दिग्दर्शकाने कानांच्या वाटेने आपल्यापर्यंत पोचवली.

मग संगीत टाळावे की काय? मुळीच नाही. बंगालकडे पाहा. सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली' १९५५ सालचा, संगीत पंडित रविशंकरांचे. हरिहर बऱ्याच दिवसांनी घरी येतो. मुलगी दुर्गा गेली हे त्याला ठाऊक नाही. तो आणलेल्या वस्तू एकेक काढून दाखवतो, आणि दुर्गेसाठी आणलेली साडी बायकोच्या हातात देतो. सर्वजयेचा बांध फुटतो. तिचे तोंड उघडते, पण तिचे रडणे आपल्याला ऐकू येत नाही. त्या जागी तारशहनाई उठते, पटदीपाच्या सुरांत. तारांचे वाद्य ते, गजाने वाजते, पण त्याला शहनाईसारखा कंठ आहे. आईचा हंबरडा माणसाच्या गळ्यात मावेना, म्हणून दिग्दर्शकाने तो वाद्याच्या स्वाधीन केला. येथे संगीत दुःखाला शोभा आणीत नाही. शब्द आणि रडणे जेथे संपले तेथून पुढची कथा ते सांगते.

याच चित्रपटात दुर्गा आणि अपू शेतातून जाताना तारांच्या खांबाला कान लावतात. खांब गुणगुणत असतो. आगगाडी दिसते ती नंतर. दूरचे मोठे जग त्या दोन मुलांना आधी ऐकू येते आणि मग दिसते. आवाजाचे हे खास सामर्थ्य आहे. डोळ्याला चौकट असते, कानाला नसते. पडद्याबाहेर जे आहे ते केवळ कानच आत आणू शकतो.

आता या कामाच्या पडद्यामागचे थोडे सांगू. चित्रपटात ऐकू येणारी पावले पुष्कळदा त्या नटाची नसतात. चित्रण झाल्यावर ध्वनिशाळेत कोणी दुसराच माणूस पडद्याकडे पाहत, तशाच वहाणा घालून, तशाच मातीवर चालतो. घोड्यांच्या टापांसाठी नारळाच्या दोन करवंट्या पुरतात. पण आम्हांस सर्वांत मौजेची वाटते ती वेगळीच गोष्ट. चित्रणाच्या जागी ध्वनिमुद्रक सर्वांना अर्धा मिनिट निश्चल उभे करतो आणि काहीही न घडणारा तो वेळ मुद्रित करून घेतो. कारण प्रत्येक जागेची शांतता निराळी असते. माजघराची निराळी, विहिरीकाठची निराळी. ही शांतता संवादांच्या खाली अंथरली नाही, तर तुकडे जोडलेले कानाला खुपतात. ज्या धंद्यात शांततासुद्धा जमवून ठेवावी लागते, त्या धंद्यातल्या माणसांना तिची किंमत कळत असली पाहिजे!

ती कळलेली माणसे आपल्याकडे आजही आहेत. नागराज मंजुळे यांच्या २०१३ सालच्या 'फँड्री'त जब्याच्या घरची माणसे गावादेखत डुकरामागे धावत आहेत. डुक्कर हाताशी येते, आणि इतक्यात शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येते. सारे कुटुंब जागच्या जागी ताठ उभे राहते. डुक्कर निघून जाते. दिग्दर्शकाने एक शब्द उच्चारला नाही. ज्यांना गावाने माणसात धरले नाही, तेच राष्ट्राचा मान राखण्यासाठी हातची शिकार सोडतात. आपण रोज ऐकतो ते सूर, पण त्या ठिकाणी ऐकल्यावर मान खाली जाते.

त्यांचाच २०१६ सालचा 'सैराट'. अजय-अतुल यांचे संगीत, मोठा पाश्चात्त्य वाद्यवृंद, गाण्यांवर चित्रगृहातली पोरे नाचली. आणि शेवटी? आर्ची-परश्याचे लहान मूल घरात येते, आईबाप पडलेले पाहते, आणि रडत बाहेर चालू लागते. मागे रक्ताची पावले उमटतात. ते रडणे ऐकू येत नाही. काहीच ऐकू येत नाही.

येथे आम्हांस आजीची आठवण होते. ती शेजारी असती तर तिने आमचा हात दाबून विचारले असते, "काय झालं रे? आवाज का गेला?" तंबूत कर्णा बिघडला होता, येथे तो जाणून बंद केला आहे. तंबूतली पोरे हसली होती; येथे हजार माणसांचे चित्रगृह श्वास रोखून बसते. कारण दोन-अडीच तास त्या संगीताने आपल्याला सोबत केली, आणि ऐन वेळी हात सोडला. आता आपल्या वतीने रडायला सारंगी नाही. जे झाले ते डोळ्यांनी पाहायचे, आणि आजीला उत्तर आपल्या तोंडाने द्यायचे: "दोघांनाही मारलं, आजी. तिच्याच माणसांनी."

कीर्तनकारांना हे पूर्वीपासून ठाऊक आहे. आख्यानात हरिश्चंद्र तारामतीवर शस्त्र उचलतो, तेव्हा जाणते बुवा हाताच्या इशाऱ्याने टाळ-मृदंग थांबवतात. तेवढ्या क्षणापुरते देवळात फक्त समईची वात जळत असते. तो क्षण श्रोत्यांचा असतो, वाद्यांचा नसतो.

म्हणून आमची आपणांस एवढीच विनंती आहे. पुढच्या वेळी चित्रगृहात गेलात, की डोळे भरून आले असता क्षणभर कान द्या आणि स्वतःला विचारा, हे पाणी कथेने आणले की व्हायोलिनने? व्हायोलिनने आणले असेल तर ते दाराबाहेर पडण्यापूर्वीच सुकते. कथेने आणले असेल तर ते घरापर्यंत येते, आणि कधी कधी घरातल्या जुन्या रीतीही बदलायला लावते. असे ऐकणारे श्रोते वाढले, तर निर्मात्यांनाही आवाज केव्हा थांबवावा हे शिकणे भाग पडेल.

आम्हीही आता थांबतो.