घर झालं, पुढं काय?

आमच्या गावातल्या एक मावशी चार वर्षं देवळाच्या ओसरीवर झोपायच्या. घरकुलाला पैसे मिळतात, पण बांधायला जागा तर हवी! जागा घ्यायलाही पंडित दीनदयाळ उपाध्याय योजनेतून पैसे मिळतात, हे आम्हाला फार उशिरा कळलं. मग गटातल्या आम्ही सगळ्या ग्रामसभेत उठलो, ठराव करून घेतला.

घर उभं राहिलं, तरी मावशी रात्री ओसरीवरच! चार भिंतींत एकटीला झोप येईना. शेवटी आम्ही पाळ्या लावल्या. कुणी बीपीच्या गोळ्या द्यायला, कुणी सोबतीला झोपायला. दोन महिने असं चाललं. परवा मावशींनी आम्हालाच पिठलं-भाकरी वाढली. मीठ जरा जास्तच होतं.